तीन हजार सहाशे बारावा मीटर

रोज सकाळी जुईचं तोंड उघडून मी मोबाईलच्या उजेडात आत बघते. तिचे दुधाचे दात चांगले पांढरेशुभ्र आहेत, त्यांची मला काळजी नाही. मला काळजी आहे ती अजून न दिसणाऱ्या दातांची. जुई पावणेतीन वर्षांची आहे. तिचे पक्के दात आत्ता, या क्षणी, हिरड्यांच्या आत तयार होतायत. सहा-सात वर्षांची झाली की ते बाहेर येतील. पण त्यांच्यावरचं कवच कसं असणार हे आत्ताच ठरतंय, ती रोज जे पाणी पिते त्यावरून.

आमच्या झरेगव्हाणात आठवीच्या पुढची पोरं फोटो काढताना तोंड मिटून हसतात. दातांवर तपकिरी पट्टे. काही पोरांच्या कवचाला बारीक खड्डे पडलेत. बालाघाटाच्या डोंगरात खोल खडकात जे पाणी आहे, त्यात फ्लोराईड जास्त आहे. चावडीजवळच्या सरकारी विहिरीचं पाणी उथळ थरातलं. ते मी चाचणीच्या पट्टीवर तपासलंय, लिटरला पाऊण मिलिग्रॅम, अगदी छान. पण विहीर जानेवारीत आटते. मग जूनपर्यंत साडेचारशे फुटांवरच्या बोअरचं पाणी. लिटरला पावणेतीन.

जुईसाठी मी जारचं पाणी आणते. पण डाळ शिजते बोअरच्या पाण्यात, आणि मी ज्या अंगणवाडीची सेविका आहे तिथली बावीस लेकरं पितात तेही तेच. माझ्याजवळ फार तर दोन उन्हाळे होते. जुई साडेचारची झाली की जे व्हायचं ते होऊन गेलेलं असणार.

सगळ्यात राग यायचा तो या गोष्टीचा, की झरेगव्हाणनं काही केलं नव्हतं असं नाही. बारा वर्षांपूर्वी, मी लग्न होऊन यायच्या कितीतरी आधी, अख्ख्या गावानं श्रमदान करून डोंगरावर आडवे चर खोदले. पाझर तलाव बांधला. या सगळ्याचे पुढारी माझे सासरे, विश्वंभर तिडके. त्यांना मी मामा म्हणते. पाणलोट समितीचे तेव्हापासून तेच अध्यक्ष. पहिली चार वर्षं विहीर मे महिन्यापर्यंत टिकली. मग दर वर्षी लवकर आटायला लागली. पाऊस तोच, चर तेच, तलाव काठोकाठ भरलेला. पाणी जिरत होतं हे नक्की. जिरून जात होतं कुठं, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

दोन हजार अडतीसच्या जूनमध्ये समरीन एक पेटी घेऊन अंगणवाडीत आली.

समरीन म्हणजे पिठाच्या गिरणीवाल्या शेखांची मुलगी. वीस वर्षांची, इलेक्ट्रॉनिक्सची डिप्लोमावाली, बोलायला लागली की थांबत नाही. तिच्यामागून दिगंबर, ज्याला सगळं गाव दिग्या म्हणतं, आणि कॉलेजची आणखी सहा-सात पोरंपोरी.

"वहिनी, पंचायतीचं छत गळतंय. ही पेटी तुमच्या कपाटावर ठेवू द्या," समरीन म्हणाली.

"स्फोट बिट होणार नाही ना? लेकरं आहेत इथं."

"स्फोट? वहिनी, ही पेटी नुसती ऐकते."

"तुझ्यासारखी नाही म्हणजे," दिग्या म्हणाला, आणि समरीननं त्याच्या पाठीत वायरचं भेंडोळं हाणलं.

मी बी.एस्सी. फिजिक्स आहे. डिग्री पेटीत आणि मी अंगणवाडीत, असं मी गमतीनं म्हणते. पण समरीननं सांगायला सुरुवात केली आणि लग्नानंतरच्या पाच वर्षांत पहिल्यांदा माझं डोकं झडझडून जागं झालं.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी गावोगाव इंटरनेटसाठी काचेच्या धाग्याची केबल पुरली होती. आता इंटरनेट थेट उपग्रहावरून येतं, केबल मातीत मेलेली. आमची केबल डोंगरावरच्या टॉवरपासून निघते, चरांच्या कडेनं उतरते, तलावाच्या भिंतीजवळून गावात शिरते, घरांच्या परसांमागून जाते आणि चावडीशी, म्हणजे अंगणवाडीशी संपते. चार किलोमीटर. या पेटीतून त्या धाग्यात लेसरचा झोत सोडायचा. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात अतिसूक्ष्म दोष असतात, आणि प्रत्येक दोषावरून थोडा उजेड मागे परततो. आजूबाजूची जमीन थरथरली की धागा ताणला जातो, केसाच्या जाडीच्या लाखाव्या भागाइतका, आणि परतलेला उजेड बदलतो. किती वेळानं परतला त्यावरून कळतं की थरथर, टॉवरपासून मोजलं तर, कितव्या मीटरवर झाली.

"म्हणजे प्रत्येक मीटरला एक कान," मी म्हणाले.

"चार हजार कान! आणि वहिनी, पाण्याला आवाज असतो. मुरमातून जिरताना हवेचे बुडबुडे फुटतात, ते करकरतं. खडकाच्या भेगेतून वाहतं तेव्हा त्याची घरघर वेगळी. विद्यापीठातल्या आमच्या मॅडमनी हे आवाज ओळखणारा प्रोग्राम बनवलाय. पण शेवटी माणसानं ऐकून खात्री करायची. चांगला कान पाहिजे."

मी हेडफोन लावला. आधी काहीच कळेना. मग एकदम टक-टक-टक-टक.

"हे काय?"

समरीननं पडद्यावर बघितलं. "दोन हजार शंभरावा मीटर. शेळ्या."

मी हसतच सुटले. दोन किलोमीटरवरच्या शेळ्यांचे पाय माझ्या कानात वाजत होते!

पण पाणी ऐकू येईना. सौरपंपाच्या मोटारी, समरीनच्याच घरची गिरणी, ट्रॅक्टर, कुणाच्या तरी बारशाचा डीजे. रात्री ऐकावं तर घाटातल्या ट्रकांची धडधड जमिनीतून इथवर यायची. पोरांनी गावाच्या ग्रुपवर विनंती टाकली: उद्या सकाळी सात ते दहा सर्वांनी मोटारी, गिरणी, गाड्या बंद ठेवाव्यात. एकशेचाळीस जणांनी अंगठ्याची खूण टाकून होकार दिला. दुसऱ्या दिवशी सातला सगळ्या मोटारी चालू. प्रत्येकाला वाटलेलं, बाकीचे बंद ठेवणारच आहेत, आपल्या एकट्याच्या मोटारीनं काय होतंय.

दिग्या घरोघर फिरून आला आणि अंगणवाडीच्या पायरीवर मटकन बसला. "मी आता कीर्तनाला लागतो. लोक तिथं तरी गप बसतात."

संध्याकाळी मी हे घरी सांगत होते. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तुमच्या त्या फोनवर कोण ऐकतंय! आमच्या वक्ताला आखाडातले पाच मंगळवार पाळायचे. मरीआईचे. औत न्हाई, जातं न्हाई, तवा न्हाई. आदल्या दिशी केलेलं खायाचं. कुणाची टाप नव्हती नांगराला हात लावायची."

"मग बंद का पडलं?"

"ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरला मंगळवार कळत न्हाई."

मी हातातलं ताट तसंच ठेवून समरीनला फोन लावला.

मामांना पटवायला वेळ लागला नाही. उलट त्यांनीच उचलून धरलं. चावडीवर माणसं जमवली, खणखणीत आवाजात म्हणाले, "चर खांदले तवा झरेगव्हाण एक झालं होतं. आता गप बसायला एक व्हायचंय. पाच मंगळवार. मोटार चालू दिसली, तर मी सोता येऊन फ्यूज काढीन." समरीनच्या अब्बांनी गिरणीला कुलूप लावून किल्ली मरीआईच्या पुजाऱ्याकडे दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मामांचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं.

आषाढातला पहिला मंगळवार. रात्रभर पाऊस पडून पहाटे थांबलेला. सात वाजता मी खिडकीतून बघितलं तर रस्त्यावर माणूस नाही. एवढं मोठं गाव आणि भांड्याचा आवाज नाही. बायकांनी कुत्र्यांनासुद्धा शिळ्या पुरणपोळ्या घालून झोपवलं होतं. जुई माझ्या मांडीवर. तिला मी सांगितलेलं, जमीन गोष्ट सांगणार आहे, चूप बसायचं. ती दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून बसली होती.

हेडफोन माझ्याकडे कसा आला तेही सांगते. समरीननं सगळ्यांना एकेक आवाज ऐकवून परीक्षा घेतली, त्यात मी पहिली आले. त्यात माझं कौतुक काही नाही. जुई झाल्यापासून मी झोपेतही तिचा श्वास ऐकते. एक श्वास चुकला तरी उठून बसते. नवरा, परमेश्वर, म्हणतो की तुला डॉक्टरला दाखवलं पाहिजे. त्या सवयीचा पहिल्यांदा काहीतरी उपयोग होत होता.

आठशेव्या मीटरवर मला ते सापडलं. बारीक, दाट करकर, गरम तव्यावर मीठ टाकल्यासारखी.

"जिरतंय," मी कुजबुजले. "चरातलं पाणी जिरतंय!"

समरीननं पडदा बघितला. प्रोग्रामही तेच म्हणत होता. तिनं दोन्ही मुठी आवळल्या आणि आवाज न करता उड्या मारल्या. डोंगरावर थांबलेल्या दिग्याला मेसेज गेला. त्यानं आणि पोरांनी तिथं पांढऱ्या फक्कीची रेघ मारायला घेतली. मी ऐकायची, समरीन आकडा कळवायची, पोरं चिखलातून अनवाणी पळत रेघ पुढे न्यायची. नऊशे. हजार. बाराशे ऐंशीला करकर संपून घरघर सुरू झाली, म्हणजे पाणी खडकाच्या भेगेत शिरलं. दुपारी बाराला मंगळवारचं मौन संपलं तेव्हा रेघ तलावापर्यंत आली होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना छत्र्या घेऊन गाव उभं होतं. ज्या म्हाताऱ्यांनी तो चर खोदला होता, ते पोरांना सांगत होते, हा माझा चर, हा तुझ्या आज्याचा. पोरं विचारत होती, मग आज्यानं इथं वाकडा का खोदला?

दुसऱ्या मंगळवारी लोक आदल्या दिवशीच तयार. शेजारच्या वाडीतली माणसं बघायला आली, तर त्यांच्या मोटारसायकली दोन किलोमीटर अलीकडेच थांबवून पोरांनी त्यांना चालत आणलं. पाणी तलावाखालून शाळेपर्यंत आलं. दिग्यानं फक्कीत नीळ मिसळली होती, रेघ निळी झाली होती. पोरीबाळी तिच्याकडेनं रांगोळी काढत होत्या. कुणी पैज लावत होतं, विहिरीत कुठल्या बाजूनं शिरणार. सगळ्यांना खात्री होती की तिसऱ्या मंगळवारी उत्तर मिळणार. मलाही.

तिसऱ्या मंगळवारी साडेतीन हजारापर्यंत घरघर छान, भरदार चालू होती. विहीर अजून पाचशे मीटर. मी आकडे सांगत होते. तीन हजार सहाशे. सहाशे पाच. सहाशे बारा.

आणि घरघर खाली पडली.

दुसरा शब्द नाही. रिकाम्या रांजणात पाणी ओतलं की जसा घुमतो तसा आवाज, सतत, खोल. सहाशे वीसला काही नाही. सहाशे तीसला काही नाही. पुढे विहिरीपर्यंत सगळं कोरडं. तळहातावर आमच्या गावचा नकाशा काढता येईल इतके ते आकडे मला पाठ झाले होते. तीन हजार सहाशे दहाला जो नारळ आहे तो आमचा. सहाशे बाराला आमचं परस.

"वहिनी? पुढं?"

"नीट ऐकू येत नाहीये," मी म्हणाले. "कुठंतरी मोटार चालू आहे."

समरीननं पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. प्रोग्राम तिथं प्रश्नचिन्ह दाखवत होता, हा आवाज त्याला कुणी शिकवलाच नव्हता. तिला कळलं की नाही, मला माहीत नाही. ती एवढंच म्हणाली, "बरं. पुढच्या मंगळवारी."

निळी रेघ आमच्या परसाअलीकडच्या चिंचेच्या झाडाशी थांबली, शेवटचे आकडे समरीननं पोरांना अजून कळवले नव्हते.

घरी आले ती सरळ परसात गेले. सहाशे बाराव्या मीटरला काय आहे ते बघायला मोजपट्टी लागत नव्हती. तिथं आमचा धुण्याचा दगड आहे, काळा, दीड हात जाड. मी त्यावर रोज कपडे आपटते. मी चिखलात गुडघे टेकले आणि दगडाला कान लावला.

यंत्र लागलंच नाही, तोच आवाज.

मागे आत्याबाई उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघून मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "तुझ्या लग्नाच्या आदी तीन सालं. लई दुष्काळ होता. जनावरं मरायला लागली होती. यांनी मशीन बोलवली."

"पण विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत बोअर घ्यायला बंदी आहे."

"म्हनून तर कुणाला सांगितलं न्हाई. सारं गाव जत्रेला गेलं तवा दोन गोठ्याच्या मधी पडदा लावून पाडला. चारशेऐंशी फूट. धुरळाच निघाला नुसता. दुसऱ्या दिशी दगड ठिवला."

"केसिंग किती घातलं होतं?"

"धाच फूट. पानीच न्हाई तर कशाला घालायचं."

मी तिथंच बसून राहिले. खोल बोअरच्या वरच्या भागात पाईप घातला नाही, तर ते भोक म्हणजे सरळ बुडाला पडलेलं छिद्र. वरच्या थरातलं गोड पाणी त्यातून घरंगळत खाली जातं, साडेचारशे फुटांवरच्या खडकात, फ्लोराईडमध्ये. अख्ख्या गावानं डोंगरावर थेंब थेंब अडवायचा, तो तीन हजार सहाशे मीटर चालत आमच्या परसापर्यंत यायचा आणि धुण्याच्या दगडाखाली पडायचा. मग आम्ही मोटार लावून तेच पाणी विष मिसळून वर काढायचं आणि लेकरांना पाजायचं. आठ वर्षं. विहीर लवकर आटायला लागून आठच वर्षं झाली होती.

परमेश्वर शाळेची बस लावून घरी आला, तेव्हा त्याला सांगितलं. त्यानं बसची किल्ली खिळ्याला अडकवली. मग म्हणाला, "अण्णांना तू सांग. मी सांगितलं तर त्यांना वाटेल पोरगा उलटला. तू सांगितलं तर..."

"तर वाटेल सून उलटली."

"ते आधीपासूनच वाटतंय."

मामा ओसरीवर जुईला पाठीवर घेऊन घोडा घोडा करत होते. मी सगळं सांगितलं. खूप शांतपणे सांगायचं ठरवलं होतं, पण भराभरा बोलत सुटले. मामांनी जुईला खाली उतरवलं.

"सुनबाई," ते म्हणाले, "जे ऐकलं ते कानात ठेव. मी गुपचूप बुजवून घेतो ते. दिवाळीनंतर."

"दिवाळीनंतर पाणी राहतच नाही मामा. जिरायचं ते आत्ता जिरतंय. आणि नुसतं बुजवून चालत नाही, आत मशीन उतरवून पाईप घालायला लागतो, भोवती चिकणमाती ठासायला लागते. सगळ्यांना दिसणारच."

"मग दिसंल तवा दिसंल. मी चावडीवर काय तोंड दाखवू? ज्यानं समद्या गावाला पाणी अडवाया शिकवलं, त्याच्याच घरात..." ते उठून आत गेले. त्यानंतर सहा दिवस ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. ताट वाढलं तर जेवायचे. पाणी मात्र आत्याबाईंकडे मागायचे.

त्या सहा दिवसांत मी काय काय विचार केला! हे घर मला चांगलं वागवत होतं. अंगणवाडीची नोकरी मला मामांनी करू दिली होती, लोक बोलले तरी. जुईवर जीव होता त्यांचा. आणि मी त्यांना चारचौघांत... पण सकाळी जुईनं तोंड उघडलं की मला आत तपकिरी पट्टे दिसायचे, नसलेल्या दातांवर.

चौथा मंगळवार. सकाळी सातला चिंचेखाली गर्दी जमली होती, निळ्या रेघेच्या टोकाशी. सगळे गप्प, पण चेहरे कसे, निकाल लागायच्या दिवशी असतात तसे. मामा अध्यक्ष म्हणून पुढेच उभे होते, त्यांना यावंच लागलं होतं.

मी हेडफोन लावायला गेलेच नाही. जुईला आत्याबाईंच्या कडेवर दिलं, दिग्याच्या हातातला निळ्या फक्कीचा डबा घेतला आणि वाकून रेघ मारायला लागले.

"वहिनी, ऐकल्याबिगर?" दिग्या दबक्या आवाजात म्हणाला.

"मागच्या मंगळवारीच ऐकलंय. मी खोटं बोलले होते."

चिंचेपासून आमच्या परसाचं फाटक चाळीस पावलं असेल. त्या चाळीस पावलांइतकं लांब मी आयुष्यात कधी चालले नाही. मागे माणसांच्या पायांखाली नुसता चिखल वाजत होता. फाटक ढकललं. नारळ ओलांडला. धुण्याच्या दगडापाशी रेघ नेली आणि त्याच्याभोवती एक गोल काढला.

मग दिग्यासकट चार पोरांनी पहारा घालून दगड उलटला. खाली सडकी गोणी, गोणीखाली काळं भोक, आणि त्यातून तो आवाज, इतका मोठा की मागच्या रांगेतल्या माणसांनीही ऐकला. आठ वर्षांचं पाणी पडत होतं. कुणीतरी "आई गं" म्हणालं. मी मागे वळून बघितलं नाही, पण मामांचे जोडे दूर दूर जाताना ऐकू आले. घराचं पुढचं दार लागलं.

झालं, आता लोक तोंडसुख घेणार, असं वाटून मी मान खाली घातली. तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढं आली. वरच्या आळीतल्या जनाक्का, सत्तरीच्या. त्या भोकात वाकून बघत म्हणाल्या, "आमचं बी असंच दिसतंय की!"

"तुमचं काय, अक्का?"

"बोअर. खुराड्याखाली. म्हाताऱ्यानं शपथ घातली होती मला. पर म्हातारा गेला आता."

समरीनचे अब्बा खाकरले. "गिरणीच्या मागं एक आहे. वर पिठाची पोती ठेवतो आम्ही."

"अब्बा!" समरीन किंचाळली. मंगळवार असूनही.

मग कुणाचं कुणाला ऐकू येईना. गोठ्यात एक. पोरांच्या पाळण्याखाली एक, फरशी टाकून. एकानं तर दोन सांगितले आणि बायकोनं पाठीवर चापटी मारून तिसरा सांगितला. "तू दुसऱ्याचं सांगितलं न्हाईस मला!" "तूही तुझ्या माहेरच्याचं सांगितलं न्हाईस!" माणसं हसायला लागली, मग रडायला, मग परत हसायला. प्रत्येक घराला वाटत होतं की लाज आपल्याच घरात पुरलेली आहे. दिग्यानं कोळसा आणला आणि अंगणवाडीच्या आतल्या पांढऱ्या भिंतीवर यादी लिहायला घेतली: कुणाचं घर, किती फूट, केसिंग किती. बारापर्यंत तेवीस झाले. समरीननं पहिली ओळ मात्र मोकळी ठेवायला लावली. "एक नंबर तिडके काकांनी लिहायचा," ती म्हणाली. "त्यांना पाहिजे तेव्हा."

पाचव्या मंगळवारी गावानं मौन मोडलं, कारण मशीन आलं होतं. पहिला पाईप आमच्याच परसात उतरला, मी स्वतः पोरांबरोबर चिकणमाती ठासली. श्रावणात आठ झाले, दिवाळीपर्यंत आमचा धरून सगळे चोवीस. कॉलेजची पोरं सुट्टीच्या दिवशी पाळीनं हेडफोन लावून बसायची, आणि त्यांचे आईवडील रोज विचारायचे, आपलं बंद झालं का, आपल्याकडून गळत तर नाही ना? भांडणंही झाली, ती सांगत बसत नाही. मामा घरात असून नसल्यासारखे होते. समितीच्या बैठकीला जायचे नाहीत. माझ्याशी कामापुरतं बोलायला लागले होते, तेही जुईच्या मार्फत: "तुझ्या आईला सांग, छत्री दे."

जानेवारी आला. मी रोज विहिरीत दोरी सोडून मोजत होते. आटली नाही. फेब्रुवारी, मार्च. एप्रिलमध्ये वापराच्या पाण्याचा टँकरवाला नेहमीप्रमाणे नोंद घ्यायला आला, तर पोरांनी त्याला चहा पाजून परत पाठवला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी नऊला, अंगणवाडीत मी लेकरांना गाणं म्हणवत होते. दार अंधारलं. बघते तर मामा. खांद्यावर भरलेली घागर, सदरा ओला. घरात कधी तांब्या उचलून न ठेवणारा माणूस विहिरीवरून पाणी भरून आला होता. जनाक्का त्यांच्यामागून चालत येत म्हणत होत्या, "अध्यक्ष, सांडतंय बगा! बायकांचं काम बायकाला करू द्या!"

"गप की व अक्का," मामा म्हणाले.

घागर त्यांनी माठाशेजारी टेकवली. मी पुढं होऊन पट्टी बुडवली, सवयच झालीय. रंग बघितला. पाऊण. मे महिन्यात पाऊण! मी पट्टी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती बराच वेळ बघितली, मला वाटलं त्यांना कळलं नसावं.

"किती फूट आहे अजून?" त्यांनी विचारलं. जुईला नाही. मला.

"चौदा फूट. पाऊस येईपर्यंत पुरतं मामा."

त्यांनी मान हलवली. मग भिंतीकडे वळले. लेकरं चित्रं काढतात त्या जमिनीवरच्या कोळशांतला एक उचलला, आणि तेवीस ओळींच्या वरच्या मोकळ्या जागेत, मोठ्या अक्षरात लिहिलं: विश्वंभर तिडके. चारशेऐंशी फूट. केसिंग दहा फूट. लिहून झाल्यावर दोन पावलं मागं सरकून त्यांनी ते स्वतःच वाचलं.

"आबा, पाणी!" जुई म्हणाली. तिच्यामागं एकवीस लेकरांनी तोच ठेका धरला, पाणी, पाणी, फुलपात्रं जमिनीवर आपटत. मामांनी धोतराला हात पुसले, पदर खोचावा तसं उपरणं कमरेला खोचलं आणि ओगराळं घागरीत बुडवलं.

"वळीनं," ते म्हणाले. "समद्यायला मिळंल."